फ्लॅशमध्ये कुत्रा झालेला बिबट्या

माझ्या स्टुडिओत गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की आधी एकच सांगतं, "ताई, सावली नका पडू देऊ." पासपोर्टच्या फोटोत कानामागे सावली आली तर अर्ज परत येतो. लग्नाच्या फोटोत नवरीच्या नाकाखाली सावली आली तर नवरीची आई परत येते, आणि ती अर्जापेक्षा जड जाते. शिरपूरच्या बाजारपेठेतला हा स्टुडिओ माझ्या वडिलांनी काढला. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. "सावली पडली की गिऱ्हाईक गेलं समज," हे त्यांचं वाक्य मी परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकत आले आणि दादांच्या मागे धंदा हातात घेतल्यावर तसंच वागत आले. समोरून फ्लॅश, दोन्ही बाजूंना पांढऱ्या छत्र्या, मागे निळा पडदा. चेहरा कसा, ताटात वाढलेल्या भातासारखा पांढरा आणि सपाट.

बाकी कामंही तशीच. एका माणसाला वारलेल्या वडिलांच्या फोटोतले मिटलेले डोळे उघडून हवे होते. मी धाकट्या काकांच्या फोटोतले डोळे काढून तिथे बसवले. सगळं घर रडलं, "अगदी आबाच," म्हणालं. एका बाईंना कुटुंबाच्या फोटोतून जाऊबाई काढून तिथे कुंडी हवी होती. ठेवली. जाऊबाईंना पुढे ते कळलं आणि त्याही फोटो घेऊन आल्या, त्यांच्याकडे कुंडी गेली दुसऱ्या बाजूला. अशा कामांचा मला फार अभिमान होता. गावात म्हणायचे, फोटो म्हणजे ताई. मलाही ते खरं वाटायचं.

त्या अभिमानाचं पुढे काय झालं, ते लिहिते.

एका पौषात सकाळी भिकननाना दुकान उघडण्याआधीच पायरीवर येऊन बसले होते. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची केळीची बाग आहे. त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नांचे फोटो मीच काढलेले, त्यामुळे घरोबा. नानांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर काळा चिखल आणि त्यात एक अजून काळा डाग.

"बिबट्यानं पाऊल शे," नाना अहिराणीत म्हणाले, म्हणजे बिबट्याचं पाऊल आहे. "सायसिंगनी बकरी गयी परवा. मना मोबाइलमा काही दिखत नही. तू चाल, मोठा कॅमेरा लई ये. दुपारले बागले पानी सोडनं शे, मंग काहीच ऱ्हावाव नही."

सायसिंग हा नानांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणारा गडी. डोंगरातल्या पाड्यावरचा पावरा आदिवासी. तो आणि त्याची बायको रुमली बागेच्या कडेला झोपडीत राहायचे. नानांनी वनखात्याच्या तालुक्याच्या कचेरीत फोन केला होता. तिकडून उत्तर आलं, की वनरक्षक दुसऱ्या कामावर गेलाय, दोन-चार दिवसांत येईल, तोवर ठशाचा चांगला फोटो काढून आणा, फोटो पाहून पिंजऱ्याचं ठरवू.

मी गेले. केळीच्या बागेत भर सकाळीसुद्धा संध्याकाळ असते. पानांनी वरून छत धरलेलं, खाली ओल. रुमलीने मला ठसा दाखवला. डोळ्यांना तो स्पष्ट दिसत होता. चार बोटं, मागे गादी. मी उभ्याने कॅमेरा खाली धरला आणि फ्लॅश मारला. पाच-सहा फोटो काढले, घरी येऊन उजळ केले, मोठ्या कागदावर छापले. एवढ्या अंधारात इतका लख्ख फोटो आला म्हणून मी स्वतःवरच खूश होते. म्हणून नानांबरोबर कचेरीतही गेले. तिथे आपलं कौतुक होईल, असं मनात होतं. खोटं कशाला लिहू.

वनपाल साहेब तरुण होते आणि बोलायला नीट. त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. मग पेनने दाखवलं. "बोटांच्या पुढे या रेघा दिसतात ना, ही नखं. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, मांजरासारखी. ठशात नखं आली म्हणजे कुत्रा."

"कुत्रं नही शे ते, साहेब," नाना म्हणाले. "मी काय आजना शे का?"

"नाना, मी फोटोत दिसतं त्यावरच बोलणार. ताई, हा तुम्ही काढलाय?"

"हो."

"यात खोली कुठे आहे? ठसा जमिनीत रुतलेला असतो. इथे तर पोळपाटावर कुणी बोट ओढल्यासारखं दिसतंय."

टेबलामागचे दोघे कारकून हसले. मी पण हसले. बाहेर आल्यावर कानशिलं तापली होती. नानांनी मला चहा पाजला आणि दुकानापर्यंत सोडलं. वनरक्षक ठरल्याप्रमाणे आला, पण बागेत पाणी फिरून गेलं होतं. शेरा लागला, भटका कुत्रा.

तिथून नानांची थट्टा सुरू झाली. बाजाराच्या दिवशी कुणीतरी विचारायचं, "नाना, तुमना वाघ भुकस का?" पारावर बसलं की पोरं मागून भुंकायची. नानांनी बाजारात येणंच कमी केलं. मला एकदाच भाजीवाल्यापाशी म्हणाले, "माले बठ्ठा हासतस, ताई." सगळे हसतात, एवढंच सांगितलं, तक्रार नव्हती त्यात. मी वजनकाट्याकडे बघत उभी राहिले. नानांनी भेंडी घेतली आणि गेले.

सुरुवातीला मी साहेबांवर चिडले होते. मग एका दुपारी तो फोटो काढून बसले. बागेत मी स्वतःच्या डोळ्यांनी खोल ठसा पाहिला होता. कागदावर तो नव्हता. कुठे गेला?

या धंद्याबाहेरच्या वाचकांना सोपं करून सांगते. आपल्याला खड्डा खड्डा म्हणून दिसतो, कारण त्याच्या एका कडेला उजेड असतो आणि दुसऱ्या कडेला सावली. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर असतो. तो समोरून पडतो आणि सगळ्या सावल्या एकदम पुसून टाकतो. मी चेहऱ्यांचं तेच करत आले होते, आणि बिबट्याच्या पंजाचंही तेच केलं. खड्डा भरून टाकला. आयुष्य ज्या हुशारीवर काढलं तिनेच काम बिघडवलं होतं.

मग मी पन्नाशीच्या तोंडाशी शिकायला बसले. स्वयंपाकघरात कणकेच्या गोळ्यावर अंगठा उमटवायचा, खिडकी लावून घ्यायची आणि बॅटरी हातात धरून त्याच्याभोवती फिरायचं. वरून उजेड धरला की अंगठा गायब. बॅटरी खाली खाली आणत ताटाच्या कडेला टेकवली की त्याच अंगठ्याच्या रेघा नांगरलेल्या शेतासारख्या उठून यायच्या. फार खाली नेली की सगळं सावलीतच बुडायचं. उजेड कुठे थांबवायचा, हे पुन्हा पुन्हा करूनच हाताला कळतं.

जवळून फोटो काढणं ही आणखी वेगळी विद्या. साधी लेन्स फार जवळ नेली की तिला दिसेनासं होतं, आपल्याला नाकासमोर धरलेली सुई दिसत नाही तसं. जळगावला एका ओळखीच्या दुकानातून मी लेन्सच्या मागे बसवायची एक कडी आणली. ती लावली की लेन्स जवळचं बघायला लागते, पण बघते फक्त केसाएवढी पातळ पट्टी. पुढचं धूसर, मागचं धूसर. आपण श्वास घेतला तरी ती पट्टी हलते. मिठाचे खडे, केळीच्या सालीवरचे ठिपके, कापसाच्या बोंडाचं टोक, जे सापडेल ते मी काढलं. शेकडो फोटो वाया गेले. एकदा सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, त्यांच्या टाचांच्या भेगांवर मी बॅटरी मारली. "मेल्यावर काढ हो फोटो," असं म्हणून त्यांनी पाय ओढून घेतले. आमचे हे शाळेतून निवृत्त झालेले. दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "मास्तरीण बाईंची परीक्षा कधी आहे?"

फाल्गुनात सासूबाईंनी बिबड्या घातल्या. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, गच्चीवर धोतराच्या फडक्यावर ओले थापतात आणि उन्हात वाळवतात. संध्याकाळी वरून सासूबाईंचा आरडाओरडा ऐकू आला. शेजारची मांजर ओल्या बिबड्यांवरून चालत गेली होती. त्या काठी शोधत होत्या, मी कॅमेरा शोधत होते. ऊन तेव्हा आडवं झालं होतं. ओल्या पिठात मांजराची पावलं अशी उठली होती, की हात लावावासा वाटावा. चार गोल बोटं, नखांचा मागमूस नाही, आणि मागच्या गादीच्या कडेला तीन छोटे फुगवटे, कुत्र्याच्या पावलात नसतात तसे. मी पालथी पडून फोटो काढत होते आणि सासूबाई म्हणत होत्या, "अगं, आधी तिला हाकल!" ह्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "बिबडीवरचा बिबट्या."

मला हसू आलं आणि तेवढ्यातच ते गेलं. मी खाली जाऊन नानांच्या बागेतला फोटो पुन्हा पाहिला. आता कुठे बघायचं ते कळत होतं. साहेबांनी दाखवलेल्या रेघा ठशाच्या कडेवरून पुढे सरळ निघून गेल्या होत्या. नख असं जात नाही. ते केळीच्या सोपटाचे, म्हणजे खोडावरच्या सालपटाचे, वाळके धागे होते, वरून गळून पडलेले. सावली असती तर ते मातीच्या वर तरंगताना दिसले असते. माझ्या फ्लॅशने धागे आणि माती एका पातळीवर आणले आणि बिबट्याला नखं दिली.

मी दोन्ही फोटो घेऊन कचेरीत गेले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. बिबड्यांचा फोटो त्यांना आवडलासुद्धा. पण म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणता तसे ते धागे असतील. पण नसतीलही. या फोटोवरून मी शेरा बदलू शकत नाही. नवा ठसा मिळाला तर लगेच आणा." त्यांचं चूक नव्हतं. नानांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते फक्त "बरं" म्हणाले. रुमलीच्या झोपडीपर्यंत जाऊन सांगावं, असं मनात येऊन गेलं. पण तिला काय सांगायचं? की तुझ्या बागेत बिबट्या आहे, आणि तो कागदावर आणायची अक्कल मला आत्ता आली? मी गेले नाही. नानांनी सांगितलं असेल, असं धरून चालले.

वैशाखात डोंगरातलं पाणी आटलं. एके दिवशी सकाळी नानांचा फोन आला.

"रुमलीले धरं बिबट्यानी. जित्ती शे. धुळ्याले लई ग्यात. तू कॅमेरा लई ये."

रुमली उजाडल्यावर चुलीसाठी वाळकी पानं गोळा करायला बसली होती. खाली बसलेलं माणूस बिबट्याला जनावरासारखं दिसतं म्हणतात. त्याने मागून मानेजवळ धरलं. सायसिंग काठी घेऊन ओरडत धावला, तेव्हा सोडून गेला.

मी पोचले तेव्हा बागेत निम्मं गाव गोळा झालं होतं. माती तुडवून तुडवून खळ्यासारखी झालेली. वनपाल साहेब आणि दोन वनरक्षक ठसे शोधत फिरत होते. गर्दीतला एकजण म्हणाला, "कुत्र्यांची टोळी असंल. हल्ली माजलीयेत." जागा दाखवायला मागे थांबलेल्या सायसिंगला साहेबांनी विचारलं, "तू नीट पाहिलंस ना? कारण या बागेत आधी कुत्र्याचीच नोंद आहे. वर विचारतील मला."

ती नोंद माझी होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "साहेब, तो फोटो माझा. तो धरू नका."

"मग काय धरू, ताई?"

सायसिंग बागेच्या टोकाला गेला. तिथे केळीच्या दोन खुंटांच्या मधे एक घमेलं पालथं घातलेलं होतं. बायकोला गाडीत घालण्याआधी त्याने ते तिथे ठेवलं होतं. त्याने घमेलं उचललं. खाली एक ठसा शाबूत होता.

साहेब वाकले. पानांच्या फटीतून ऊन नेमकं वरून ठशावर पडत होतं. "काहीच कळत नाही," ते म्हणाले. खरंच कळत नव्हतं. उभं ऊन आणि माझा फ्लॅश, दोघांची जात एक.

मी नानांना झोपडीतली गोधडी आणायला सांगितली. नाना आणि सायसिंगने ती ठशावर छतासारखी धरली. ऊन गेलं. ठशाशेजारी मी मोजपट्टी ठेवली, मातीत पालथी पडले आणि वनरक्षकाला म्हटलं, "बॅटरी जमिनीला टेकवा. अजून खाली. आता डावीकडे सरका. थांबा." कॅमेरा मातीच्या ढेकळावर टेकवला, श्वास धरला.

मग कॅमेऱ्याचा पडदा साहेबांपुढे केला. चार गोल बोटं वाटीसारखी खोल दिसत होती. मागे तीन फुगवटे. एक धागा ठशावर आडवा पडला होता, आणि त्याच्याखाली त्याची सावली होती, तो धागाच आहे हे सांगणारी. नखं नव्हती.

साहेबांनी पडद्यावरचं माप पाहिलं. "बिबट्या," ते म्हणाले. मग नानांकडे वळून म्हणाले, "नाना, तुमचं बरोबर होतं."

गावातले लोक उभे होते, भुंकणारी पोरंही होती. नानांनी गोधडीची घडी केली, ती सायसिंगच्या हातात दिली आणि केळीच्या रांगेत जाऊन पाठमोरे बसले.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला दवाखान्यात गेले. भरपाईच्या कागदांसोबत जखमांचे जवळून काढलेले फोटो लागणार होते, आणि जखमा दातांच्या आहेत हे दिसायला हवं होतं. साहेबांनी मला बोलावलं. "तुम्हालाच जमेल," म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकायला धडपडले होते, आणि ऐकलं ते असं.

नर्सने पट्टी सोडली. उजवा कान अर्धा गेला होता. मानेवर आणि खांद्यावर दातांची भोकं. मी दिवा एका बाजूने, खाली धरायला सांगितला. प्रत्येक भोकात सावली भरली आणि ती किती खोल आहेत ते दिसायला लागलं. कणकेवर, बिबड्यांवर केलेला सराव. फोटो उत्तम येत होते. इतके उत्तम, की मला ते बघवत नव्हते.

रुमली जागी होती. डोळे उघडून म्हणाली, "ताई, तुना फोटोमा कुत्रं निंघनं व्हतं ना?"

नर्स माझ्याकडे बघू लागली.

"हो," मी म्हणाले.

तिने डोळे मिटले. "मंग आते नीट काढ."

मी काढले. बाहेर येऊन जिन्यात बसले. सायसिंगने मला पाण्याची बाटली दिली. मला, त्याने.

पिंजरा लागला. थोड्या दिवसांत बिबट्या सापडला आणि त्याला आत, लांबच्या जंगलात सोडून आले. रुमलीची भरपाई मंजूर झाली. नानांनी घरी केळीचा घड पाठवला. ह्यांनी आवडीने खाल्ली, मी माझ्या वाटणीची सासूबाईंना दिली. मग कचेरीतून बोलावणं आलं, की वनरक्षकांना ठशांचे फोटो कसे काढायचे ते शिकवा. शाल, नारळ, टाळ्या सगळं झालं. मी पडद्यावर आधी बागेतला पहिला फोटो लावला. "हा मी काढलेला," म्हटलं, "यातला प्राणी ओळखा." सगळे एका सुरात "कुत्रा" म्हणाले. मग मी सांगितलं. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्यानंतर रुमली आणि सायसिंग स्टुडिओत आले. झोपडीत लावायला दोघांचा फोटो हवा होता. एकत्र असा त्यांचा एकही नव्हता. सायसिंगच्या अंगात घडी मोडलेला नवा शर्ट होता. रुमलीने डोक्यावरून पदर घेतला होता.

मी कधीपासून मनात घोकत होते ते बोलले. "रुमली, माझ्यामुळे तुला हे सोसावं लागलं."

मला वाटलं, ती म्हणेल, नाही हो ताई, तुमचं काय त्यात. लोक असंच म्हणतात, मलाही तेच ऐकायचं होतं. तिने जरा विचार केला. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर.

"फोटो नीट उना व्हता तर पिंजरा पहिलेच लागी जाता," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

"आते काढ."

दोघं बाकावर बसले. मी दिवा तिच्या डावीकडे नेला, म्हणजे तिची उजवी बाजू हळूच सावलीत जाईल. आता मला ते जमतं. किती दिसू द्यायचं आणि किती झाकायचं, हे माझ्या हातात आहे. रुमलीने मान वळवून मागच्या निळ्या पडद्यावर पडलेली स्वतःची सावली पाहिली आणि विचारलं, "इकडे अंधार का कया?"

"बरं दिसेल म्हणून."

तिने पदर मागे सारला. अर्धा कान, मानेवरचे चकाकणारे वण. "नको. बठ्ठं दिखू दे."

मी दिवा मधे आणला. सायसिंग ताठ बसला, रुमलीने हनुवटी किंचित वर केली. एकच फोटो काढला. तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. तिने बोटाने कान मोठा करून पाहिला, मग मान, मग सायसिंगचा शर्ट.

"चांगला उना," ती म्हणाली आणि हसली.

मी खाली वाकले आणि लेन्सचं झाकण शोधायला लागले. बाकाखाली पाहिलं, टेबलावर पाहिलं. सायसिंगही शोधू लागला. शेवटी रुमलीनेच दाखवलं. झाकण माझ्या हातात होतं.